भुकेचा खेळ करावा काय?

मुलांचा खेळ होतो आणि बेडकाचा जीव जातो, ही म्हण आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्या बडोद्याच्या मंडळीतील एका आजींनी ती आपल्या पदवीधर नातीला ऐकवली, आणि त्यानंतर त्या घरात दोन आठवडे अबोला होता. अबोल्यात दोन्हीकडची गाऱ्हाणी माझ्याकडे आली, कारण नात माझ्या संडे-स्कूलच्या वर्गातली आणि आजी माझ्या आईच्या मैत्रीण. मला तेव्हा निवाडा करता आला नाही. आजही पुरता करता येईल असे नाही. तरी त्या निमित्ताने जे वाचले, पाहिले आणि मनाशी घोळवले, ते वाचकांपुढे ठेवते.

नातीने चित्रकलेची पदवी येथेच घेतली आणि पुढे एका डिझाइन संस्थेत गेम डिझाइनच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश मिळवला. संगणकावरचे खेळ रचण्याची ही विद्या. खेळ करायला शिकण्यासाठी कोणी वर्षे घालवते काय, असे उपासनेनंतर चहाच्या वेळी पुष्कळांनी विचारले. मीही विचारले असते, पण शिक्षिकेला अज्ञान झाकून ठेवावे लागते. आपल्या देशात हा मार्ग अगदीच नवा नाही. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ सालची, मुंबईच्या आयआयटीतील औद्योगिक डिझाइन केंद्र १९६९ सालचे. दोन्हीकडे ॲनिमेशनचा पदव्युत्तर अभ्यास चालतो, आणि पहिल्या संस्थेत डिजिटल खेळांच्या रचनेचाही.

अभ्यासाच्या शेवटी प्रत्येकाला स्वतःचा एक प्रकल्प करावा लागतो. या मुलीने विषय घेतला छप्पनिया दुष्काळाचा. विक्रम संवत १९५६, म्हणजे इ. स. १८९९-१९००, या वर्षी गुजरात-काठेवाडात पाऊस पडला नाही. जनावरे मेली, मग माणसे. पंडिता रमाबाईंनी आपल्या सहकाऱ्यांना त्या मुलखात पाठवून निराधार मुली केडगावच्या मुक्तिसदनात आणविल्या, हे आपल्या वाचकांना सांगायला नकोच. आपल्यापैकी कितीतरी कुटुंबांची वंशावळ अशाच एखाद्या मुलीपाशी येऊन थांबते. तिच्यापलीकडचे नाव कोणाला ठाऊक नसते. या मुलीची खापरपणजी, म्हणजे आजींची आजी, त्यांतलीच. गुजरातेतून आठ-नऊ वर्षांची गेली, केडगावला मराठी झाली, आणि तिची नातवंडे नोकरीच्या निमित्ताने पुन्हा गुजरातेत आली. मरेपर्यंत ती भाकरीचा तुकडा उशाशी घेऊन निजे, एवढी आठवण घरात आहे.

नातीच्या खेळात एक मुलगी आपल्या गावातून निघते आणि रेल्वे स्टेशनापर्यंत चालत जाते. खेळणाऱ्याने तिला पोचवायचे. वाटेत पाणी, धान्य, सावली, विश्रांती यांचा हिशेब. आजींनी हे ऐकले आणि विचारले, “माझ्या आजीची भूक ही काय तुला खेळायला मिळाली?”

या प्रश्नाला उत्तर देण्यापूर्वी खेळ म्हणजे काय हे थोडे पाहिले पाहिजे. आपण मोठी माणसे ‘खेळ’ शब्द ऐकला की करमणूक समजतो आणि तेथेच थांबतो.

चित्र, नाटक, सिनेमा यांत काय घडायचे ते कर्त्याने आधीच ठरवलेले असते. ॲनिमेशन शिकणारा विद्यार्थी तर एका सेकंदाला चोवीस चित्रे या हिशेबाने पात्राची पापणी कधी लवावी हेही ठरवतो. पाहणाऱ्याच्या हाती काही नाही. १९७४ सालचा ‘एक अनेक और एकता’ हा लहानसा चित्रपट ज्यांनी दूरदर्शनवर पाहिला, त्यांना तो अजून आठवतो. पण त्यातली पाखरे जाळ्यासकट उडावीत की नाही, हे कोणी आपल्याला विचारले नव्हते. खेळ रचणाऱ्याचे काम निराळे. काय घडेल हे तो ठरवीत नाही. काय काय घडू शकते, आणि कशाची काय किंमत पडते, हे ठरवतो. तो नियम लिहितो. आणि नियमात नीती आपोआप येऊन बसते, लिहिणाऱ्याला कळो वा न कळो.

सापशिडीचेच पाहा. आपल्याकडे तिचे जुने रूप मोक्षपट या नावाने ओळखले जाते, आणि परंपरा ते ज्ञानदेवांच्या नावाशी जोडते. शिड्यांना सद्गुणांची नावे, सापांना दुर्गुणांची, आणि शेवटच्या घरात मोक्ष. शिकवण उघड आहे. पण नियम काय म्हणतो? फासा पडेल तसे जावे. क्रोधाच्या सापाने गिळले तर त्यात खेळणाऱ्याचा क्रोध कोठे आला? घरांवरची अक्षरे एक सांगतात आणि फासा दुसरेच सांगतो. कर्मगतीचा तो धडा असेल, निवडीचा नाही. अमेरिकेत मिल्टन ब्रॅडली याने १८६० साली जीवनावरचा एक पट छापला, त्यातही सद्गुण-दुर्गुणांची घरे होती. जुगाराचा वास नको म्हणून त्याने फासा टाळून सहा बाजूंची भिंगरी दिली, आणि तिच्या आकड्यावर कोणत्या दिशेला जायचे याचा काही अधिकार खेळणाऱ्याला ठेवला. दोन्ही पटांवर शब्द बहुतेक तेच, पण मुलाच्या हाताला मिळालेली शिकवण वेगळी. संडे-स्कूलमध्ये आपण फ्लॅनेलग्राफवर चित्रे लावून गोष्ट सांगतो आणि नंतर मुलांचा प्रश्नमंजुषेचा खेळ घेतो. अधिक वेगाने हात वर करणाऱ्याला बक्षीस देतो, आणि गोष्ट मात्र नम्रतेची असते! हे माझे मलाच अलीकडे उमगले.

आता मूळ प्रश्नाकडे येते.

ब्रेंडा रोमेरो या अमेरिकन खेळरचनाकार बाईंनी २०११ साली एका भाषणात एक प्रसंग सांगितला. २००७ च्या सुमाराची गोष्ट. त्यांची सात वर्षांची मुलगी शाळेतून आली आणि आज काय शिकलीस असे विचारताच गुलामांच्या व्यापाराची माहिती घडाघडा म्हणू लागली. आफ्रिकेतून गलबतांत कोंबून माणसे अटलांटिकपार नेत, तो मधला प्रवास. माहिती बिनचूक होती, आणि सांगून झाल्यावर मुलीने खेळायला परवानगी मागितली. आईला ते लागले. मुलगी चुकली नव्हती. तिच्यापर्यंत काही पोचलेच नव्हते. मग आईने तिला लाकडी सोंगट्या रंगवायला दिल्या. एकेका रंगाचे एकेक कुटुंब: आई, बाप, मुले. मुलगी रंगवण्यात रमली. रंगवून झाल्यावर आईने मूठभर सोंगट्या कशाही उचलल्या आणि गलबत म्हणून ठेवलेल्या कार्डावर टाकल्या. मुलगी म्हणू लागली, गुलाबी बाळ राहिले की, निळे बाबा राहिले की, त्यांनाही यायचे आहे. आई म्हणाली, कोणालाच जायचे नव्हते. मग फासा. प्रत्येक फेरीत शिधा खर्च होत गेला. अर्ध्या समुद्रात हिशेब दिसू लागला की शिधा पुरणार नाही. आता काय करायचे, मुलीने विचारले. आईने सांगितले, काहींना पाण्यात सोडायचे, नाहीतर तसेच पुढे जाऊन पाहायचे. मुलीचा चेहरा बदलला. हे खरेच असे झाले होते का, असे तिने विचारले, आणि मग दोघी रडल्या.

मी हा प्रसंग वाचला तेव्हा पहिल्यांदा मला राग आला. सात वर्षांच्या मुलीवर हे लादावे काय? पण सायंकाळपर्यंत राग दुसरीकडे वळला. आपण मुलांना मिसरातील दास्य, हेरोदाने मारलेली बाळे, सगळे तोंडपाठ करून घेतो, आणि ती ते पाढ्यांसारखे म्हणून दाखवतात, तेव्हा आपण खडूची बक्षिसे देतो. तेथे मुलाचे मन दुखावत नाही हे खरे. पण का दुखावत नाही?

एक मात्र त्या प्रसंगात नीट पाहिले पाहिजे. आई तेथे होती. तिने मुलीला त्या हिशेबापर्यंत नेले आणि तेथे एकटे टाकले नाही. बरोबर बसून रडली. सोंगट्या थांबवणे तिच्या हातात होते. मोबाइलमधला खेळ मुलाजवळ बसून राहत नाही. हा फरक लहान नाही, आणि संडे-स्कूलच्या शिक्षकांनी वर्गात असे काही करायचे मनात आणलेच, तर तास संपल्यावर जाण्याची घाई असलेल्या दिवशी करू नये.

त्याच बाईंनी पुढे, २००९ साली, ‘ट्रेन’ नावाचा पट केला. खेळणाऱ्यांनी पिवळ्या सोंगट्या मालगाडीच्या डब्यांत भरायच्या आणि गाडी शेवटच्या स्थानकापर्यंत न्यायची. रूळ फुटलेल्या काचेच्या तावदानावर मांडलेले. नियम नाझी काळातील जर्मन टंकलेखन यंत्रावर टंकलेले. माणसे नेहमीच्या सवयीने जास्त सोंगट्या कशा बसतील याची युक्ती करू लागतात, आणि शेवटी पत्ता उलटला की स्थानकाचे नाव येते: आउश्वित्झ. काही जण मधेच ओळखत आणि मग गाडी रुळावरून कशी उतरवता येईल, सोंगट्या कशा लपवता येतील, हे पाहू लागत. नियमांत त्याला मनाई नव्हती. त्या पटाची एकच प्रत आहे. तो विकायला काढलेला नाही.

येथे आपल्या जुन्या साहित्यशास्त्रातील एक गोष्ट आठवते. करुण रसाचा स्थायीभाव शोक, असे नाट्यशास्त्र सांगते, आणि शोकाचा आस्वाद कसा होतो याची चर्चा पंडितांनी शतकानुशतके केली. प्रेक्षकाला आस्वाद घेता येतो, कारण दुःख त्याचे नसते आणि त्यात त्याचा हातही नसतो. तो खुर्चीत सुरक्षित असतो. खेळात ही खुर्ची काढून घेतली जाते. मालगाडीत सोंगटी मी कोंबली. आता जे वाटते त्याला करुणा म्हणता येणार नाही. त्याला शरम म्हणावे लागेल. उत्तम शुक्रवारच्या नाटुकलीत यहूदाचे काम करायला दरवर्षी कोणी तयार होत नाही. एका वर्षी मी एका मुलाला बळेच ते दिले. तीस नाणी मोजताना त्याचे हात थरथरले, आणि पाहणारे आम्ही सगळे, किती छान काम केले म्हणून त्याचे कौतुक करीत राहिलो. घरी गेल्यावर तो जेवला नाही, असे त्याची आई सांगत होती. म्हणजे खुर्चीतले आणि रंगमंचावरचे यांच्यात हे अंतर पडतेच. खेळ ते अंतर सगळ्यांसाठी मिटवून टाकतो.

मग प्रश्न असा की, हे करण्याचा अधिकार कोणाला?

आमच्या मुलीच्या अभ्यासात २००६ सालचे एक उदाहरण शिकवतात. लॉस एंजेलिसच्या दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात सुझाना रुईझ ही पदव्युत्तर विद्यार्थिनी होती. सुदानच्या दार्फुर प्रांतात २००३ पासून कत्तल चालली होती. संयुक्त राष्ट्रांच्या २००८ च्या अंदाजाने मेलेल्यांची संख्या तीन लाखांपर्यंत जाते. रुईझ आणि तिच्या सोबत्यांनी ‘दार्फुर इज डाइंग’ हा संगणकावरचा खेळ केला. निर्वासितांच्या छावणीतील एका कुटुंबातून कोणाला तरी पाच किलोमीटरवर पाणी आणायला पाठवायचे. वाटेत जंजावीद टोळ्यांच्या गाड्या येतात; झुडपाआड दडायचे. पकडले गेले तर त्या वयाच्या मुलीचे किंवा मुलाचे काय होते, ते साध्या वाक्यात समोर येते. आणि एक बारीक नियम आहे. कुटुंबातील बाप निवडला तर खेळ नकार देतो आणि सांगतो की, प्रौढ पुरुष पाण्याला सहसा जात नाहीत. दिसला तर त्याला ठार मारतील. दुसऱ्या कोणाला निवडा. म्हणजे कोणाला? मुलींना. ज्याने बापाचे चित्र निवडले होते, त्याला आता आपल्या हाताने बारा-चौदा वर्षांच्या मुलीचे चित्र निवडावे लागते. वर्तमानपत्रातील दहा लेखांनी जे झाले नसते, ते या एका नकाराने होते.

काही महिन्यांत लाखो लोकांनी हा खेळ खेळला. टीकाही झाली. नरसंहाराचा पोरखेळ केला, गुंतागुंतीच्या युद्धाचे सोपे चित्र काढले, पाणी आणले की खेळणारा समाधानाने चहा प्यायला उठतो, असे आक्षेप आले. शेवटचा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो, आणि त्याचे कारणही त्याच विद्यापीठात, त्याच वर्षी सापडते. जेनोव्हा चेन या दुसऱ्या विद्यार्थ्याने आपल्या पदव्युत्तर प्रबंधासाठी ‘फ्लो’ नावाचा खेळ केला. मिहाय चिकसेंटमिहाय या मानसशास्त्रज्ञाचा सिद्धांत त्याच्यामागे होता: काम फार सोपे नको, फार अवघडही नको, कौशल्याच्या जोडीला आव्हान वाढत जावे, म्हणजे माणूस स्वतःला विसरून त्यात बुडून जातो. आपल्याकडे याला तल्लीनता म्हणतात आणि भजनात ती चांगली मानतात. ही विद्या खेळरचनेच्या अभ्यासाचे मर्म आहे. मुलगा जेवायला उठत नाही तो याच विद्येमुळे.

आता अडचण पाहा. खेळ चांगला व्हायचा तर खेळणारा तल्लीन झाला पाहिजे. आणि भुकेल्या मुलीच्या वाटचालीत कोणी तल्लीन होणे हेच तर आजींना अश्लाघ्य वाटते. धान्य पुरवून पुरवून वापरण्याच्या युक्तीत ज्याला रंगत आली, तो भूक विसरला. नातीला मी हे सांगितले तेव्हा ती जरा चिडली, मग म्हणाली, “बाई, आमचे मास्तर हेच म्हणतात. म्हणाले, तुझ्या खेळात गुण का आहेत ते आधी सांग.” तिने पहिल्या आराखड्यात प्रत्येक मुक्कामाला गुण ठेवले होते. सवयीने.

अधिकाराचा प्रश्न मात्र गुण काढून सुटत नाही. ज्याचे जळते त्यालाच कळते, हे खरे मानले तर रुईझने दार्फुरला हात लावायलाच नको होता. ती तेथील नव्हती. उलट रायन आणि एमी ग्रीन या अमेरिकन ख्रिस्ती जोडप्याचा अधिकार कोण नाकारील? त्यांचा मुलगा जोएल मेंदूच्या कर्करोगाने २०१४ साली, पाच वर्षांचा असताना गेला. तो आजारी असतानाच त्यांनी त्याच्यावरचा खेळ रचायला घेतला होता. ‘दॅट ड्रॅगन, कॅन्सर’ या नावाने तो २०१६ च्या जानेवारीत निघाला. त्यात रुग्णालयातील एक रात्र आहे. मूल तहानेने रडते, पाणी पोटात ठरत नाही, आणि खेळणाऱ्याने काहीही केले तरी रडणे थांबत नाही. बापावर ती रात्र खरोखर गुदरली होती; शेवटी त्याला प्रार्थनेखेरीज काही उरले नाही. या खेळात जिंकता येत नाही. खेळात हात चालवूनही काही होत नाही, हेच तेथे सांगायचे आहे, आणि ते सांगायला खेळाइतके योग्य साधन नाही; सिनेमात आपला हात चालतच नसल्यामुळे तो फुकट गेल्याचे कळणार कसे?

तरीही ज्याचे जळते त्यानेच बोलावे, हा नियम मला पुरता पटत नाही. जळणाऱ्याला बहुधा बोलायला सवड नसते. केडगावला आलेल्या त्या मुलींपैकी किती जणींनी आपली वाट लिहून ठेवली? ज्यांनी लिहिले ते इतरांनी लिहिले, आणि पुष्कळदा देणगी मिळवण्यासाठी लिहिले. हाडे दिसणारी छायाचित्रे तेव्हाही परदेशी छापली जात होती. त्या लेखांनी मुली जगल्या. त्यात त्यांची अब्रू थोडी गेली. दोन्ही खरे आहे. माझ्यापुरते मी एवढे धरते की, दुसऱ्याच्या दुःखाचा खेळ मांडण्यात आपोआप दोष नाही. नियम खोटा असला की दोष येतो. जेथे वास्तवात सुटका नव्हती तेथे चलाख खेळाडूला सुटका ठेवणे, हे खोटे. जेथे माणसाने निवड केली तेथे फाशावर ढकलणे, हेही खोटे. आणि चित्रकलेच्या विद्यार्थ्याला रेषा खोटी पडली हे डोळ्यांनी दिसते, तसे नियम खोटा पडला हे दिसत नाही. ते दिसायला शिकणे, यासाठी वर्षे लागत असावीत. मुलीची पहिली सहामाही संगणकाशिवाय गेली. कागद, फासे, गुंड्या, आणि इतरांना खेळायला बसवून आपण तोंड बंद ठेवून पाहत राहणे. समजावून सांगायचे नाही, सुचवायचे नाही. (आम्हा शिक्षकांना ही परीक्षा कोणी घेतली तर आम्ही नापास होऊ.)

एक गोष्ट मात्र कोणत्याही खऱ्या नियमाने भरून निघत नाही. खेळणारा उठून जाऊ शकतो. दार्फुरची मुलगी पाणी टाकून उठू शकत नव्हती. रुईझचा खेळ ज्या फ्लॅश तंत्रावर चालत असे ते २०२० च्या अखेरीस बंद करण्यात आले, आणि आता तो खेळ सहज उघडत नाही. दार्फुर मात्र उघडेच आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये सुदानात पुन्हा युद्ध पेटले. जुन्या जंजावीद टोळ्यांतून उभ्या राहिलेल्या दलाने २०२५ च्या ऑक्टोबरात तेथील एल-फाशेर शहर घेतले. त्या लाखो खेळणाऱ्यांपैकी किती जणांना तेव्हा ती पाच किलोमीटरची वाट आठवली असेल? मला तर त्या शहराचे नाव बातमीत दोनदा वाचावे लागले.

आता घरातील गोष्ट पुरी करते. अबोला मोडला तो माझ्या मध्यस्थीने नव्हे. नात दिवाळीच्या सुट्टीत आली तेव्हा तिने कागदाचा आराखडा आणि गुंड्यांचा डबा जेवणाच्या टेबलावर मांडला आणि एकटीच खेळू लागली. आजी भाजी निवडीत होत्या. तिसऱ्या मुक्कामाला त्यांनी विचारले, “शेवटी काय होतं?”

“स्टेशन येतं. केडगावच्या बायका तिला घेतात.”

“आणि तो?”

“तो कोण?”

आजींनी मेथीची जुडी खाली ठेवली. त्यांची आजी सांगताना ‘आम्ही निघालो’ म्हणे, ‘मी निघाले’ असे तिने कधी म्हटले नाही. पुढे मात्र ‘मी पोचले’ म्हणे. बरोबर धाकटा भाऊ होता. त्याचे नाव तिने घरात कोणाला सांगितले नव्हते. आजींनी लहानपणी एकदा विचारले, तेव्हा तिने उशाचा भाकरीचा तुकडा त्यांच्या हातात दिला आणि खा म्हणाली. साठ-सत्तर वर्षे ही गोष्ट आजींनी कोणाजवळ काढली नव्हती, आपल्या मुलाजवळही नाही.

नातीने डब्यातून आणखी एक लहान पांढरी गुंडी काढली आणि पहिल्या घरात पहिलीच्या शेजारी ठेवली. दोघींसमोर हिशेब आपोआप बदलला, कारण धान्य तेवढेच होते.

त्या रात्री ती माझ्याकडे आली. म्हणाली, “बाई, आता सांगा. भावाला मागे सोडायची मुभा खेळणाऱ्याला द्यायची का? नाही दिली तर तो मेला, एवढंच दिसतं, दैवानं नेला. दिली तर कोणीतरी पाच मिनिटांत त्याला सोडून पुढे जाईल, आणि जिंकेल.”

मी विचारले, “तुझ्या खापरपणजीनं सोडलं होतं का?”

“आजीला माहीत नाही. मला विचारायचं नाही.”

मी तिला उत्तर दिले नाही. तिच्या मास्तरांनीही दिले नाही म्हणे. दोन्ही प्रकारे मांडून पाहा आणि खेळणाऱ्यांच्या हातांकडे बघ, एवढेच सांगितले. मार्चमध्ये तिने दोन्ही प्रकार संस्थेतील सोबत्यांकडून खेळवून घेतले. मुभा दिलेल्या पटावर एका मुलाने तिसऱ्याच मुक्कामाला लहान गुंडी बाजूला ठेवली, आणि मग खेळ संपेपर्यंत ती तळहातात धरून बसला. परत मागितली तेव्हा त्याच्या लक्षात आले. दुसऱ्या एका मुलीने दोघांनाही कोठे न नेता पहिल्याच घरात बसवून ठेवले आणि पाच-सहा फेऱ्या नुसता फासा टाकीत राहिली. हे नियमात बसते की नाही, ते तिने विचारले नाही.

प्रकल्प मे महिन्यात सादर झाला. कोणता प्रकार दिला ते मी विचारले नाही, आणि तिनेही सांगितले नाही. कागदाचा पट बडोद्याला आजींच्या कपाटात आहे. त्यातल्या लहान पांढऱ्या गुंडीच्या जागी आता एक निळी आहे. पांढरी आजींनी चष्म्याच्या डबीत ठेवली आहे, आणि नातीने दोनदा मागूनही अजून दिलेली नाही.